पाण्याच्या लेन्सवरचा थेंब

संपादकसाहेब, तुमचं हे सदर मी नेमानं वाचते आणि नेमानं चिडते. दर महिन्याला कोणाला ना कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कोणाची बैलगाडी बाभळीखाली अडते, आणि शेवटी एखादे आजोबा सांगतात की त्या जागी कोणीतरी जीव दिला होता. अहो, जीव कुठं दिला नाही लोकांनी! तसं पाहिलं तर रस्त्यानं चालायचीच सोय नाही. मी जन्मभर लॅबमध्ये काम केलं. जे काचेखाली दिसत नाही ते नाही, असं मानणारी बाई मी. भूत, भानामती, करणी, नजर… यातलं काही मी तेव्हा मानत नव्हते आणि आजही मानत नाही. कोणी समोर सांगायला लागलं तर उठून जाते.

तरी हे लिहून राहिली आहे. माझी धाकटी बहीण कुसुम गेल्या हिवाळ्यात वारली. आता हे सांगितल्यानं मन दुखेल असं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणून लिहिते.

गाव सौंसर. राज्यांची वाटणी नुकतीच झाली होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तोपर्यंत नागपूर आमची राजधानी होती, आता म्हणे भोपाळ. भोपाळ आमच्या गल्लीत कोणी पाहिलं होतं! बोली तीच, सोयरिकी नागपूरकडच्याच, संत्र्याच्या गाड्याही तिकडंच जायच्या. सरकार तेवढं बदललं. त्याचा त्रास काय होतो ते मला पुढं कळायचं होतं.

मी बाजाराच्या रस्त्यावर एका डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात लॅबचं काम करायची. नागपूरला राहून शिकले होते. वडील शाळामास्तर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी मी आणि आई, दोघीच. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्याची काळजी माझ्यापेक्षा गावाला जास्त होती. कुसुमला पांढुर्ण्याला दिली होती, तिच्या सासरी कापडाचं दुकान होतं.

आता त्या लेन्सबद्दल सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर साहेबलोक सामान विकून विलायतेला जायला लागले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी एका साहेबाचा पितळी मायक्रोस्कोप नागपुरात विकत घेतला. त्याच्यासोबत एक पाण्याची लेन्स होती. सगळ्यांना तेलाची लेन्स माहीत असते — स्लाइडवर तेलाचा थेंब टाकायचा आणि लेन्स त्यात टेकवायची. पण तेल चिकट. खालचा नमुना ओला आणि जिवंत असला की तेल वरची पातळ काच ओढते, सगळं हलतं. पाण्याच्या लेन्सला तेलाच्या जागी डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब लागतो. काचेवर थेंब ठेवायचा, लेन्स हळूच खाली आणायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही. मग खालचे जीव पोहताना दिसतात, बिनधास्त, आपण बघतो आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. काम झालं की लेन्स मलमलीनं कोरडी करायची. ओली ठेवली तर डाग पडतात. हे मी कधी विसरत नव्हते. आईच्या चहात साखर टाकायला विसरायची, पण हे नाही.

(तुमचे वाचक विचारतील, तो साहेब इथंच हाल होऊन मेला होता काय? नाही हो. तो तिकडं जाऊन कोंबड्या पाळत होता. डॉक्टरांना त्याचं नाताळचं कार्ड यायचं.)

वैशाख लागला होता. एके सकाळी मी मायक्रोस्कोपची लाकडी पेटी उघडली, तर पाण्याच्या लेन्सच्या टोकाला थेंब. टपोरा, ताजा. मी आधी स्वतःलाच शिव्या घातल्या, मग मनात आलं… वैशाखात? सौंसरच्या वैशाखात धोतर दोरीवर टाकून पाठ फिरवेपर्यंत वाळतं. आदल्या संध्याकाळचा थेंब सकाळपर्यंत राहील कसा?

पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता.

संशय गेला बळीरामवर. बळीराम आमचा झाडलोट करणारा म्हातारा, दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचा आणि येताना बाटलीत तीर्थ आणून दवाखान्यात चहूकडं शिंपडायचा. मी त्याला धरलं.

"बळीरामजी, यंत्रावर तीर्थ टाकता काय तुम्ही?"

"राम राम राम! मी त्या यंत्राले हात नाही लावत बाई. तुम्ही त्याच्यात लोकायचं काय काय पाहता, मले माहीत नाही काय? माह्या मारुतीचं तीर्थ तिथं कायले टाकू मी!"

पटलं मला. तरी त्या दिवसापासून पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. थेंब यायचा तो आलाच. रोज नाही, मधून मधून.

मग मी केलं ते, जे कोणीही लॅबवाला करील. थेंबाकडं बघितलं. लेन्सला चिकटलेलं पाणी त्याच लेन्समधून दिसत नाही, डोळ्याला लागलेलं काजळ त्याच डोळ्याला दिसत नाही तसं. म्हणून तो थेंब मी स्वच्छ स्लाइडवर उतरवून घेतला, वर पातळ काच ठेवली, काचेवर डिस्टिल्ड वॉटरचा नवा थेंब ठेवला आणि लेन्स खाली आणली.

घंटीवाले दिसले मला. हे एक नाजूक जनावर असतं, देठावर उलटी घंटी बसवल्यासारखं, धक्का लागला की देठ झटक्यानं आकसून घेतं. ओळखीचे होते माझ्या. शिकून आले तेव्हा सरावासाठी मी गल्लीतल्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासलं होतं, आणि घंटीवाले फक्त एकाच विहिरीत होते. आमच्या घरच्या. कुसुम आणि मी लहानपणापासून जिचं पाणी पिलो, त्या आमच्या परसातल्या विहिरीत.

आणि त्यांच्यामधून, इकडून तिकडं सुसाट, बारीक वाकडे जंतू. स्वल्पविरामासारखे. नागपूरला पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत मी ते इतके पाहिले होते की स्वप्नात यायचे. नुसतं बघून पटकी म्हणता येत नाही, नमुन्यातले जंतू वाढवून बघावे लागतात, हे मला समजत होतं. पण मी त्या सकाळी दुसरी स्लाइड लावलीच नाही.

कारण कुसुम येणार होती. आधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. हे तिसरं नीट आठव्या महिन्यापर्यंत आलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पंधरवड्यात आई तिला घेऊन येणार होती. बाजेला नवी नवार भरून झाली होती, डिंक, मेथ्या आणून ठेवल्या होत्या. आणि गरोदर बाईला पटकी झाली तर काय होतं, ते मी नागपूरला डोळ्यानं पाहिलं होतं. मूल तर जातंच.

घरी गेले आणि आईला म्हटलं, "आजपासून विहिरीचं पाणी बंद."

"काहून? काय पडलं त्याच्यात?"

"काही नाही पडलं. पाणी वाईट आहे. मला दवाखान्यात दिसलं."

"विहीर इथं हाय अन् दिसली दवाखान्यात? शके, ऊन लागलं काय तुले?"

तिचंही खरंच होतं. मी विहिरीचं पाणी भरून नेलं, पुन्हा पुन्हा तपासलं. घंटीवाले होते, वाकडे जंतू एकही नव्हते. डॉक्टरांना दाखवलं. ते भले गृहस्थ, माझ्यावर हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "शकुंतलाबाई, विहिरीत काही नाही, लेन्सवर आहे. मग धुवायचं काय, विहीर की लेन्स?"

पक्कं कळावं म्हणून विहिरीच्या पाण्याची बाटली नागपूरला पाठवली, जिथं माझ्या ओळखी होत्या. बाटली तशीच परत आली. आता तुमचं राज्य निराळं, जबलपूरला पाठवा म्हणे. बसनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो ते नागपूर परकं, आणि जबलपूर आपलं! पाठवली जबलपूरला. बसले वाट बघत.

दरम्यान मी विहिरीत जंतू मारायची लाल दवाई, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकली. पाणी जांभळं झालं. आईनं आकांत केला, या पाण्यानं देव कसे धुवू म्हणून. दवाखान्याच्या विहिरीचं पाणी मी स्वतः उकळून, गाळून घरी न्यायला लागले. लाल दवाईनं विहिरीतले घंटीवाले मेले, मी स्लाइडवर पाहिले, सगळे देठ आकसून पडलेले. त्यानंतर पुन्हा लेन्सवर थेंब आला. मी तो उतरवून बघितला, तर त्यातले घंटीवाले मजेत जिवंत होते. वाकडे जंतूही.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई, तुमच्या डोक्यात होतं सगळं. मीही म्हटलं असतं. म्हणून मी काही न सांगता डॉक्टरांना त्या थेंबावर बसवलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं, उठले, साबणानं हात धुतले, आणि म्हणाले, "तुमच्या बहिणीला तिकडंच राहू द्या."

मी बसनं पांढुर्ण्याला गेले. कुसुमच्या सासूबाई ओसरीत मिरच्या निवडत होत्या. कुसुम दारातूनच हसली. पाय सुजले होते, पण चेहरा भरला होता. मला वाटलं, आपण आल्या पावली परत जावं. पण बोलले. या वेळी माहेरी नको, इथंच होऊ द्या, सौंसरला साथीचा धोका आहे.

"साथ?" सासूबाईंनी मिरची खाली ठेवली. "काल तं आमचा माणूस सौंसरच्या बाजारातून आला. कोठी नाही साथ-बिथ. पहिलं बाळंतपण माहेरी होते, अशी रीत हाय. तुमच्या नागपूरच्या पुस्तकात नसंल ते."

"विहिरीचं पाणी वाईट आहे आमच्या."

"मंग आजवर ते पाणी पिऊन तुम्ही जिवंत कशा?"

लेन्सवरच्या थेंबाची गोष्ट तिथं सांगितली असती तर मला बाहेरची बाधा झाली म्हणून अंगारा लावला असता. कुसुम मला आत घेऊन गेली.

"ताई, खरं सांग. आईला माझं करणं होत नाही काय?"

"आई तुझी वाट बघून राहिली आहे, वेडे."

"मग तू काहून आडवी येऊन राहिली? मला भीती वाटते गं इथं. दोनदा गेलं ते इथंच गेलं. या वेळी आईच्या हाताखाली व्हावं, एवढंच म्हणणं आहे माझं."

मी तिचे हात धरले आणि म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेव, तुझ्या आणि बाळाच्या जिवासाठी सांगते. ती खूप रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "ठीक आहे. पण आईला सांगशील, मी नाही आले ते तुझ्यामुळं."

सांगितलं. आई त्या दिवशी जेवली नाही.

कुसुमला पांढुर्ण्याला मुलगी झाली. दोघी सुखरूप. निरोप आला तसं आईनं गल्लीभर साखर वाटली, माझ्याशी सोडलेलं बोलणं पुन्हा सुरू केलं, आणि बारशाला जायच्या तयारीला लागली. मऊ जुन्या लुगड्यांची झबली शिवली, डिंकाचे लाडू केले. तोपर्यंत गावात खरंच पटकी शिरली होती. बाजाराकडं दोन-तीन घरांत. सरकारी लोक सुया टोचत फिरत होते. आमच्या गल्लीत काही नव्हतं.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी आईला जुलाब सुरू झाले. तांदळाच्या धुवणासारखे. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले, आवाज बसला, बोटांची कातडी सुरकुतली. डॉक्टर सलाईन घेऊन घरी आले, सुईसाठी शीर सापडेना. मी तिचा नमुना घेऊन दवाखान्यात धावले. पेटी उघडली, लेन्स कोरडी होती. नमुना काचेखाली ठेवला, वर पाण्याचा थेंब, लेन्स खाली आणली. सुसाट धावत होते सगळे. वैशाखापासून जे बघत होते तेच. आणि ते माझ्या आईचं होतं.

परत आले, तिच्या कानाशी वाकले आणि विचारलं, "आई, तू विहिरीचं पाणी पिली होती काय? खरं सांग, मी रागावणार नाही."

तिनं मान हलवली. आवाज निघत नव्हता, ओठांवरून वाचावं लागत होतं. "नाही वं शके. तू नको म्हटलं नं… मंग कायले पिऊ. तू आणलं तेच पिली."

मी आणलेलं पाणी मी स्वतः पीत होते. दवाखान्यातले सगळे पीत होते. कोणाला काही झालं नाही. मग तिला झालं कशानं? की विहिरीचंच पिली होती आणि मी जन्मभर जळू नये म्हणून खोटं बोलली? की खरंच बोलली, आणि मग मी आणलेल्या पाण्यानंच… हा विचार मी इथंच थांबवते, गेली कित्येक वर्षं इथंच थांबवते. आई संध्याकाळच्या आत गेली. नातीचं तोंड पाहिलं नाही तिनं.

ओल्या बाळंतिणीला कसं सांगायचं, म्हणून सासरच्यांनी कुसुमला सांगितलं नाही. आई आजारी आहे, प्रवास झेपत नाही, असं सांगत राहिले. सांगितलं ते सव्वा महिना झाल्यावर.

जबलपूरचं उत्तर त्याच सुमारास आलं. विहिरीच्या पाण्यात दोष नाही.

आमच्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण विहिरीची पूजा करते, हळदकुंकू वाहते, खणानारळानं तिची ओटी भरते, आणि त्यानंतरच पाण्याला हात लावते. पांढुर्ण्याला त्यांची विहीर होती, पण कुसुमनं हट्ट धरला की पुजेन तर आईची. भर दुपारी आली ती. नवरा मुलीला घेऊन दारात थांबला. ती माझ्याकडं न बघता घरातून सरळ परसात गेली. मी मागं मागं. तिनं काठावर कुंकवाची बोटं ओढली, ओटी भरली, दोर सोडला आणि बादली वर ओढली. लाल दवाईचा रंग कधीच उतरला होता, पाणी नितळ होतं. मला वाटलं चूळ भरेल, नाहीतर पायावर घेईल.

तिनं तांब्या भरला आणि तोंडाला लावला.

"कुसुम!" मी धावले. तिनं डावा हात असा आडवा धरला की माझी पुढं व्हायची छाती झाली नाही. घटाघटा प्याली, सगळा तांब्या. अंगावर पिणारी पोर दारात रडत होती. तोंड पुसलं आणि म्हणाली, "याच पाण्यासाठी मला आईजवळ येऊ नाही दिलं नं तू? पिली मी. आता बस त्या काचेपाशी अन् बघ माझं काय होते ते."

मी बघितलं. दवाखान्यात गेलेच नाही, तिच्याकडंच बघत बसले. रात्री तिचा श्वास मोजला. ती हातपाय धुवायला गेली तरी मी दाराशी उभी राहायची. मीठसाखरेचं पाणी करून झाकून ठेवलं होतं. काही झालं नाही. पोरीलाही नाही. चौथ्या दिवशी ती पांढुर्ण्याला परत गेली.

आता शास्त्र सांगणारे सांगतील, महिन्याभरात विहीर निवळली असेल. असेल! मलाही तेवढं शास्त्र येतं. थेंब कुठून यायचा ते सांगा. कुलपातल्या पेटीत, वैशाखात, मेलेल्या विहिरीचे जिवंत जीव घेऊन. तो मला सावध करत होता, तर आई का गेली? आणि फसवत होता, तर कुसुम कशी वाचली? आईच्या आजारापासून लेन्सवर पुन्हा कधी थेंब आला नाही. पुढं डॉक्टरांचा मुलगा बाहेरून शिकून आला, नवा मायक्रोस्कोप आणला, जुना कुठं गेला कोण जाणे. मी पुष्कळांना विचारलं, पुष्कळ पुस्तकं पाहिली.

कुसुम खूप जगली. नातवंडं, पतवंडं पाहिली. दिवाळीला, लग्नकार्याला माझ्या घरी यायची, हसायची-बोलायची, माझ्या हातचं जेवायचीसुद्धा. पण पांढुर्ण्याहून निघताना पाण्याचा तांब्या सोबत भरून घ्यायची, पुढं पुढं प्लास्टिकची बाटली. माझ्या घरचं पाणी तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. जायच्या आधी शुद्ध हरपत होती, तेव्हा सगळ्यांनी तिच्या तोंडात गंगाजळ घातलं. माझी पाळी आली, मी चमचा पुढं केला… आणि तिनं ओठ मिटून घेतले.